घरच्याला बंदूक द्यायची असेल तर: आधी परवाना, मग ४५ दिवस, मग बंदूक

“बारा बोअर माझ्या लायसनवर घेतली. पैसे माझे, पावती माझी. आता ती मुलाला दिली तर कोणाचं काय जातं?” हा प्रश्न घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा बंदूक देऊन मोकळा झालेला असतो. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो आणि अशी प्रकरणं माझ्याकडे शेवटाकडून सुरुवातीकडे येतात. बंदूक मुलाच्या कपाटात, परवाना वडिलांच्या नावे, आणि पोलीस पाटलाने सहज विचारलं म्हणून सगळ्यांची पळापळ.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत घरच्या माणसाला बंदूक देता येते. फक्त क्रम पाळावा लागतो. तो उलटा झाला की प्रेमाने दिलेली वस्तूही बेकायदा शस्त्र ठरते.

सुरुवातीलाच: मालकी वेगळी, ताबा वेगळा

शेतजमीन, दागिने, गाडी यांचं बक्षीसपत्र होतं. म्हणून लोक बंदुकीचंही स्टॅम्पपेपरवर बक्षीसपत्र करतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि निर्धास्त होतात. त्या कागदाने फार तर मालकी बदलते. बंदूक जवळ ठेवण्याचा हक्क कलम ३ खालच्या परवान्यातूनच येतो आणि तो परवाना त्या एका माणसाचा असतो, घराचा नसतो. मृत्युपत्राचंही तेच. “माझी रायफल पुतण्याला” असं लिहिलं असलं तरी पुतण्याला परवाना मिळेपर्यंत त्याने तिला हात लावायचा नाही. परवाना मिळालाच नाही तर ती परवानाधारकाला विकून येणारी किंमत त्याला घेता येईल.

नवरा-बायकोतही हाच हिशेब. एका कपाटाच्या दोन किल्ल्या असणं म्हणजे दोघांना परवाना असणं नव्हे.

एक छोटी सूट आहे. परवानाधारकासमोर, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, बंदूक दुरुस्तीला किंवा परवाना नूतनीकरणाला नेता येते. आजारी वडिलांच्या वतीने मुलगा बंदूक दाखवायला नेतो, तेव्हा वडिलांच्या सहीचं पत्र आणि मूळ परवाना त्याच्या खिशात हवा. ही सूट त्या कामापुरती, मुलाच्या घरी बंदूक राहायला जाण्यासाठी नाही.

सावध: समोरच्याकडे परवाना आहे की नाही याची खात्री न करता शस्त्र सोपवणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. घेणाऱ्यावर विनापरवाना ताब्याचा गुन्हा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं झाली. प्रकरण कलम ५ च्या, म्हणजे बेकायदा विक्री-हस्तांतराच्या, उल्लंघनात गेलं तर किमान सात वर्षं. ‘घरातल्या घरात’ हा बचाव कायद्यात कुठेही नाही.

तुमचं प्रकरण कोणतं ते आधी ठरवा

लोक सगळ्याला ‘ट्रान्सफर’ म्हणतात आणि चुकीचा अर्ज भरतात. खरं तर वाटा चार आहेत: नवी बंदूक घेऊन द्यायची, स्वतःची बंदूक परवाना असलेल्या नातेवाइकाला द्यायची, वय झालं म्हणून हयातीतच वारसाकडे सोपवायची, किंवा परवानाधारक वारला आहे आणि बंदूक घरात पडून आहे. पहिले दोन टप्पे चारही वाटांना लागतात. मग वाटा फुटतात.

टप्पा १: घेणारा पात्र आहे का

अर्जाआधी घरात बसून हे विचारून घ्या, थोडं अवघड वाटलं तरी.

वय २१ पूर्ण आहे का? अठराव्या वाढदिवसाला बंदूक हा बेत इथेच संपतो.

हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? शिक्षा संपल्यावरही पाच वर्षं बंदी असते.

चॅप्टर केस झाली आहे का? इथे सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. बांधावरच्या भांडणात, गणपतीच्या मिरवणुकीत कधीतरी शांतता राखण्याचा बाँड लिहून दिलेला असतो आणि पोरगं ते विसरलेलं असतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली होणारी ही कारवाई १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली होते. बाँडची मुदत चालू असेपर्यंत शस्त्र मिळत नाही. मुदत संपली असेल तर तसा आदेश जोडा. पोलीस अहवालात ती गोष्ट येणारच आहे, तुमच्याकडून आधी आलेली बरी.

आणि आता किती बंदुका आहेत? २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारसाहक्काने येणारी बंदूकही या दोनातच मोजली जाते. “ती आजोबांची आहे, मोजत नाहीत” हे चावडीवरचं मत झालं.

तपासा: घेणारा मानसिक आजारावर किंवा व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल तर बेत इथेच थांबवा. कायद्याचं कारण आहेच; घरच्यांना दुसरं कारण सांगायची गरज पडू नये.

टप्पा २: घेणाऱ्याचा स्वतःचा परवाना

अर्ज घेणाऱ्याने करायचा, देणाऱ्याने नाही. तोही घेणारा जिथे राहतो तिथे. वडील सिंधुदुर्गात आणि मुलगा पुण्यात असेल तर अर्ज पुण्याच्या पोलीस आयुक्तालयात. आयुक्तालय नसलेल्या भागात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय. गोव्यातही त्या-त्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी. मुलाचा पुण्याचा पत्ता भाडेकराराचा आहे म्हणून गावच्या पत्त्यावर अर्ज टाकणं ही नेहमीची पळवाट. पोलीस शिपाई चौकशीला गावी जातो, शेजारी सांगतात “तो तर पुण्याला असतो”, आणि अर्ज तिथेच पडतो.

अर्ज नमुना ए-१ मध्ये. सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र, आणि शारीरिक-मानसिक स्वास्थ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र. या प्रमाणपत्रात अर्जदार मादक पदार्थांच्या आहारी नाही असा स्पष्ट उल्लेख लागतो. ओळखीच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर ‘फिट’ लिहून आणलेलं चालत नाही, ठरलेल्या नमुन्यातच हवं.

अर्ज गेल्यावर पोलीस ठाण्याचा अहवाल येतो. नियमांत त्याला ३० दिवस आणि अहवालानंतर निर्णयाला ६० दिवस दिले आहेत. प्रत्यक्षात किती लागतात ते तुमच्या जिल्ह्यातल्या कोणालाही विचारा. मी पक्षकाराला इतकंच सांगतो की मुहूर्त ठरवून बंदूक देऊ नका.

परवाना हातात आला की तीन गोष्टी वाचा. राष्ट्रीय नोंदीतला युनिक ओळख क्रमांक, ज्याला कार्यालयात ‘यूआयएन’ म्हणतात, तो छापला आहे का. शस्त्राचा प्रकार कोणता लिहिला आहे. आणि परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे. बारा बोअरच्या परवान्यावर .३२ रिव्हॉल्व्हर येत नाही. मामाने रिव्हॉल्व्हर द्यायची आणि भाच्याने बंदुकीचा परवाना काढायचा, असंही घडलेलं पाहिलं आहे. त्यांना अख्खा टप्पा पुन्हा करावा लागला.

सावध: अर्ज नाकारला तर लेखी आदेश मागा. अपील ३० दिवसांत करायचं असतं: जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे. “साहेब नाही म्हणाले” यावर अपील होत नाही.

वाट पहिली: नवी बंदूक घेऊन देणे

सगळ्यात सोपी वाट, आणि लोक हिचीच माती करतात. घेणाऱ्याचा परवाना आला की त्याने स्वतः परवानाधारक विक्रेत्याकडे जायचं आणि बिल त्याच्याच नावे करायचं. तुम्ही द्यायचे ते पैसे. बँकेतून त्याच्या खात्यात पाठवा. आई-वडील, मुलं, भावंडं, पती-पत्नी यांच्यातल्या भेटीवर प्राप्तिकर नाही. विक्रेता परवान्यावर शस्त्राचा क्रमांक चढवतो, मग ती परवाना देणाऱ्या कार्यालयात दाखवून नोंद पक्की करायची. खरेदीची मुदत ठरलेली असते. ती उलटली तर आधी वाढवून घ्या.

तुमच्या परवान्यावर घेऊन नंतर त्याला द्यायचं मनात असेल तर थांबा. त्यात दुसरी वाटही चालावी लागते, म्हणजे दुप्पट काम. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ऐकलेलं इथे लावू नका. तिथे खरीखुरी भेट असेल तर स्वतःच्या नावाने फॉर्म भरून बंदूक घेता येते. अर्थात बंदूक बाळगायला बंदी असलेल्या माणसाला देणं, किंवा त्याचेच पैसे घेऊन त्याच्यासाठी खरेदी करणं हा तिथेही गुन्हा आहे. आपल्याकडे मुळात घेणाऱ्याच्या परवान्यावाचून पानही हलत नाही. आणि तिथून येताना सामानातून बंदूक भेट म्हणून आणायचा विचार तर सोडूनच द्या.

वाट दुसरी: स्वतःची बंदूक नातेवाइकाला देणे

कलम ५(२) नीट वाचलं तर यात तीनच कृती आहेत, पण त्यांचा क्रम पक्का आहे.

टप्पा ३: देणाऱ्याचे कागद सरळ करा. तुमचा परवाना चालू आहे का? त्याची मुदत आता पाच वर्षांची असते, आणि जुन्या पुस्तिकेवर यूआयएन नसेल तर ती चालत नाही. मुदत संपलेली बंदूक तुम्ही ‘देऊ’ शकत नाही, कारण ती तुमच्याकडे असणंच बेकायदा झालेलं असतं. ती आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची.

मग बंदूक कपाटातून काढून तिच्यावरचा क्रमांक परवान्याशी ताडून पाहा. हसू नका. जुन्या दुनळीवर नळीचा क्रमांक वेगळा आणि मुठीजवळचा वेगळा असतो, आणि चाळीस वर्षांपूर्वी कारकुनाने भलताच उतरवलेला असतो. ही तफावत आत्ता सापडली तर दुरुस्तीचा अर्ज होतो, हस्तांतराच्या दिवशी सापडली तर चौकशी होते.

टप्पा ४: लेखी सूचना, आणि ४५ दिवस. आपल्या हद्दीच्या जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं: मी हे शस्त्र देणार आहे, आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता हा. कायद्याला एवढं पुरतं. मी त्यात घेणाऱ्याचा परवाना क्रमांक, यूआयएन, नातं, शस्त्र बनवणारी कंपनी, क्रमांक, बोअर (नळीच्या छिद्राचं माप) आणि सोबतच्या काडतुसांची संख्या टाकतो आणि दोन्हीकडे प्रत देतो. प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. ४५ दिवस त्या तारखेपासून मोजायचे, पत्र लिहिल्याच्या तारखेपासून नाही.

या काळात बंदूक तुमच्याकडेच. “दोन दिवस राहिलेत, गणपतीला आलाय तर घेऊन जाऊ दे” हे करू नका. सूचना न देता किंवा ४५ दिवसांआधी दिलं तर कलम २५(३) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड ५०० रुपयांपर्यंतचा म्हणून लोक हसण्यावारी नेतात. पुढच्या नूतनीकरणाच्या पोलीस अहवालात तो गुन्हा दिसतो, तेव्हा हसू जातं.

व्हॉट्सॲपवर ठाणेदारांना फोटो पाठवणं म्हणजे सूचना नव्हे. निळी टिक ही पोच नाही.

टप्पा ५: प्रत्यक्ष देणं-घेणं. ४५ दिवस झाले, हरकत आली नाही, तर दिवस ठरवून दोघांनी मूळ परवान्यांसह जा. बहुतेक कार्यालयं परवानगीचं पत्र देतात; ते असेल तर सोबत ठेवा. तुमच्या परवान्यावरून शस्त्र कमी झाल्याची आणि त्याच्या परवान्यावर चढल्याची, अशा दोन नोंदी लागतात. एकच नोंद करून घरी येणारे पुष्कळ. मग एकाच बंदुकीचे दोन धनी दिसतात, किंवा एकही दिसत नाही.

दोघं वेगवेगळ्या राज्यांत असतील तर प्रवासाचा प्रश्न येतो. बेळगाव आणि कोल्हापूरचं अंतर दोन-अडीच तासांचं, पण मधे राज्याची सीमा आहे आणि परवाना एका राज्यापुरता असेल तर ती ओलांडल्यावर तो चालत नाही. अशा वेळी दोन्हीकडच्या कार्यालयांना लेखी विचारा, किंवा परवानाधारक विक्रेत्यामार्फत पाठवा.

तपासा: काडतुसं. बंदूक रीतसर गेली आणि ट्रंकेत जुन्या स्वेटरखाली सात काडतुसं राहिली, तर परवान्यावाचून दारूगोळा बाळगल्याचा विषय तुमच्यावर येतो. ट्रंक, पोटमाळा, गाडीचा खण, सगळं बघा.

वाट तिसरी: हयातीतच वारसाकडे

शस्त्र नियमांतला नियम २५ फार कमी लोकांना माहीत असतो. परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा त्याने नाव दिलेल्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो.

याचा फायदा असा की वारसाला ‘जिवाला धोका आहे’ हे वेगळं सिद्ध करत बसावं लागत नाही. तो पात्र असेल आणि पोलीस अहवालात प्रतिकूल काही नसेल तर परवाना देण्याचा विचार होतो. हाती आलेला हा फायदा लोक घालवतात. मुलगा साध्या नव्या अर्जासारखा अर्ज करतो, कारणात ‘स्वसंरक्षण’ लिहितो, पोलीस प्रामाणिकपणे ‘धोका आढळत नाही’ लिहितात, आणि अर्ज जातो. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात नियम २५ चा उल्लेख करा. सोबत वडिलांचं वारस नेमल्याचं पत्र, वयाचा पुरावा किंवा शस्त्र २५ वर्षं नावावर असल्याच्या नोंदींच्या प्रती, आणि बाकी भावंडांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडा. बहिणींच्या सह्याही घ्या. ‘त्यांना काय करायचंय बंदुकीचं’ म्हणून वगळलेली बहीण पुढे हरकत घेते आणि तिचं बरोबर असतं.

कोकणात शेती संरक्षणाचे परवाने पुष्कळ आहेत, रानडुक्कर आणि माकडांसाठी. तिथे वारसाने सातबारा आणि स्वतः शेती करत असल्याचा पुरावाही जोडावा. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावे शेती संरक्षणाची बंदूक मागितली की पहिला प्रश्न तोच येतो.

वाट चौथी: परवानाधारक वारल्यानंतर

बाराव्यापर्यंत थांबू नका. वडील गेले त्या दिवसापासून त्या बंदुकीला घरात परवानाधारक नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. दुखवट्याच्या घरात हे सुचत नाही हे मान्य, म्हणून एखाद्या जबाबदार नातेवाइकाने ठाण्यात फोन करून कळवावं आणि ठाणे अंमलदार सांगेल त्याप्रमाणे न्यावी. रिकामी करून, परवाना आणि मृत्यूचा दाखला सोबत घेऊन.

पावतीशिवाय परत येऊ नका. पावतीवर बनवणारी कंपनी, क्रमांक, बोअर, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची अवस्था लिहून घ्या. माझ्या एका पक्षकाराच्या पावतीवर नुसतं ‘बंदूक नग १’ होतं. परत घेताना नक्षीदार मुठीची विलायती दुनळी कोणती आणि बाजूची गंजकी एकनळी कोणती, यावर आठ महिने पत्रव्यवहार झाला.

मग वारस दाखला, इतर वारसांची ना-हरकत आणि मृत्यूचा दाखला जोडून नियम २५ खालीच अर्ज करा. परवाना मिळाला की बंदूक परत मिळते. कोणालाच नको असेल तर परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला विकायची परवानगी मागा. काहीच केलं नाही आणि ठरलेली मुदत उलटली, तर ती सरकारजमा होऊ शकते.

जे बंदूक वाटतं, पण बंदूक नाही. आणि उलट

मुलाला नेमबाजी शिकायची असेल तर एअर रायफल द्या. .१७७ पर्यंतचं बोअर आणि २० ज्युलपर्यंतची ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धा याच बोअरवर होतात. त्यापुढची एअरगन मात्र परवान्याखाली येते, म्हणून बिलावर बोअर आणि ताकद छापून घ्या.

दसऱ्याला पूजेत ठेवली जाणारी पणजोबांची ठासणीची बंदूक ही उलटी गोष्ट. ‘ती काय चालते!’ असं घरचे म्हणतात. कलम ४५ ची सूट जुनाट किंवा नादुरुस्त आणि दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या शस्त्राला आहे. तुमची ठासणीची बंदूक घोडा बदलून चालू होत असेल तर तिला परवाना लागतो. हे ठरवणं तुमच्या किंवा माझ्या नजरेचं काम नाही. कार्यालयाकडे अर्ज करून तपासून घ्या आणि त्यांचं उत्तर बंदुकीसोबत ठेवा.

नवी बंदूक मिळाली म्हणून वरातीत हवेत बार काढायचा मोह झाला तर कलम २५(९) आधी वाचा: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि निवडणूक जाहीर झाल्यावर शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर तो परवान्यावर ज्याचं नाव आहे त्याला लागू होतो. म्हणून हस्तांतराच्या नोंदी आचारसंहितेआधी पूर्ण करून घ्या, नाहीतर बंदूक एकाच्या नावे ठाण्यात जाते आणि परत घ्यायला दुसरा उभा असतो.